बिजागरीची बाजू

कोर्टाचा माणूस दहा वाजता येणार होता, म्हणून थोरले साडेसातलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून मागच्या फाटकासमोर येऊन उभे राहिले. पाहतात तो मधले आधीच हजर. मधल्यांनी घरातून खुर्चीही आणली होती आणि तिच्यावर ते असे दाबून बसले होते, की जणू उठले तर खालची जमीन पळून जाईल. "कागद ज्याच्या कपाटात त्याची मालकी, बूड ज्याचं जमिनीवर त्याचा ताबा," असं त्यांच्या वकिलाने त्यांना समजावलं होतं. वकिलाची एवढी एकच गोष्ट मधल्यांनी जन्मात शब्दशः पाळली. थोरल्यांनी क्षणभर विचार केला, घरात गेले आणि त्याहून मोठी खुर्ची घेऊन आले.

फाटकाच्या आत, पत्र्याच्या खोलीत, धाकटी सहापासून किल्ली घासत बसली होती. फाटकाच्या खालच्या फटीतून तिला खुर्च्यांचे आठ पाय आणि दिरांचे चार पाय दिसत होते. एवढे बारा पाय असूनही यांचा दावा चार वर्षांत इंचभर पुढे सरकला नव्हता, याचं तिला मोठं कौतुक वाटत आलं होतं.

जागा म्हणाल तर एवढीशी. चार खाटा टाकल्या तर पाचवी उभी करून ठेवावी लागेल. पण घराच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी आणि चारी बाजूंनी भिंत, त्यामुळे थोरल्यांना तिथे गोदाम दिसायचं आणि मधल्यांना काचेचं दुकान. दोघांनाही तिथे दिसायची नाही ती धाकटी, जी तिथे चौदा वर्षं राहत होती. अगदीच दिसत नव्हती असं नाही. निकालानंतर तिचं काय, असा प्रश्न एकदा जेवताना निघाला होता तेव्हा दोन्ही भावांचं चार वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं होतं: जिन्याखाली. जिन्याखाली शिडी असते, झाडू असतो, त्यांच्याबरोबर तीही राहील. धाकटीने दुसऱ्या दिवशी जाऊन जिन्याखालची जागा मापून घेतली. किल्ल्या पाडायचं मशीन तिथे मावत नव्हतं, आणि ती स्वतः मावायची तर जन्मभर नमस्कार केल्यासारखं वाकून.

जागा मूळची सासूबाईंची. पाच वर्षांपूर्वी थोरल्यांनी महिनाभर रोज त्यांचे पाय चेपले आणि एकतिसाव्या दिवशी बक्षीसपत्रावर सही घेतली. बत्तिसाव्या दिवसापासून सासूबाईंच्या पायांना आपलं आपण बरं व्हावं लागलं. मधल्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, कागद काय घेऊन बसलात, फाटकाला वर्षानुवर्षं कुलूप माझं आहे. आणि कोर्टात गेले.

आता कुलपाचं सांगायला हवं. हे घर तीन पिढ्यांचं कुलूपवाल्यांचं. गावात कुणाची किल्ली हरवली, तिजोरी रुसली, नवऱ्याने कपाट बंद करून ठेवलं, की लोक यांच्याकडे. अशा घरात जन्मलेला माणूस दाराकडे बघतो तेव्हा त्याला दार दिसत नाही, कुलूप दिसतं. धाकटी लोहाराच्या घरची. नवरा "दोन दिवसांत येतो" म्हणून गेला, आणि दोन महिन्यांनी त्याच्या नव्या संसाराची बातमी तेवढी आली, तेव्हा ती या फाटकासमोर मिनिटभर उभी राहिली होती. किल्ली तिला कुणी दिली नव्हती, तिनेही मागितली नव्हती. तिने कुलपाकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. पत्र्याचं फाटक दोन खुंट्यांवर नुसतं अडकवलेलं होतं. खांदा लावला, बोटभर उचललं, खुंटीवरून सुटलं. कुलूप लावलेलं तसंच राहिलं आणि बिजागरीच्या बाजूने ती आत गेली. तेव्हापासून रोज अशीच. भरदिवसा, गल्लीच्या डोळ्यांदेखत.

इकडे मधल्यांनी फाटकाला आपलं कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी आतून कानशीचा आवाज आला. मधल्यांनी ओळखलं, दादाने आपलं कुलूप उघडून हिला आत सोडलं. त्यांनी आणखी दणकट कुलूप लावलं. थोरल्यांनी ते पाहिलं, आतला आवाज ऐकला आणि ओळखलं, मधल्याने हिला किल्ली देऊन आपल्या बाजूला वळवलं. त्यांनी वर आपलं कुलूप ठोकलं. दोघांपैकी एकाने तिला विचारलं असतं तर प्रकरण एका कपभर चहात मिटलं असतं, पण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं. होता होता फाटकावर सात कुलपं झाली.

दहाचे साडेअकरा झाले तेव्हा कोर्टाचा माणूस आला. कोर्ट कमिशनर म्हणे. म्हणजे न्यायाधीशांना उन्हात यायला नको म्हणून जागा बघून यायला पाठवलेला वकील. सर्दीने नाक लाल झालेलं, एका हातात मोजपट्टी, एका हातात रुमाल, फाइल काखेत. मागोमाग थोरल्यांचा जाडा वकील आणि मधल्यांचा बारीक वकील. दोघं एकाच गाडीतून उतरले आणि गल्लीत पाय ठेवताच एकमेकांचे वैरी झाले.

"मी निकाल देणार नाही," कमिशनर आधीच म्हणाले. "जे दिसेल ते लिहिणार. भांडायचं ते कोर्टात भांडा."

हे ऐकून दोन्ही बाजूंनी लगेच भांडायला सुरुवात केली. जाड्या वकिलाने बक्षीसपत्र फडकावलं. बारीक वकिलाने मान हलवली, कागद खरा आहे म्हणाला, मालकी कागदावर थोरल्यांचीच, कोण नाही म्हणतंय. पण कायदा झोपलेल्या मालकाचा कैवार किती वर्षं घेणार? मग त्याने घसा साफ केला आणि जे बोलला ते आत कानस धरून बसलेल्या धाकटीने शब्दन् शब्द ऐकलं.

"मालकाच्या परवानगीशिवाय, उघडपणे, न लपता, सलग बारा वर्षं जो जागा धरून बसतो, त्याला मग मालकही उठवू शकत नाही. याला म्हणतात प्रतिकूल ताबा. आमचे अशील तेरा वर्षं प्रतिकूल आहेत."

"जन्मापासून आहे," थोरले म्हणाले.

जाडा वकील हसला. परवानगीशिवाय कसं म्हणता, सख्खा भाऊ आहे, मोठ्याने धाकट्याला प्रेमाने वापरू दिली असेल. परवानगीने बसलेला माणूस शंभर वर्षं बसला तरी पाहुणाच. तिथे सगळी मेख होती. मधल्यांना आता सिद्ध करायचं होतं की आपल्याला कुणी प्रेमाने काहीही दिलेलं नाही, आणि ते त्यांना फारसं जड गेलं नाही. लहानपणीच्या पतंगापासून सुरुवात करून ते वडिलांच्या हातोडीपर्यंत आले. थोरलेही पेटले. शेवटी वकिलाने बाही ओढली तरी न थांबता ते म्हणाले, "लिहा साहेब, या जागेत पाय ठेवायची परवानगी मी आजवर कुणालाही दिलेली नाही. भावाला नाही, बायकोला नाही, मांजराला नाही."

जाड्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

"मीही नाही," मधले म्हणाले. कुठे मागे राहायचं म्हणून.

कमिशनरांनी दोन्ही वाक्यं लिहिली आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. आत धाकटीने बोटांवर मोजलं. परवानगी नाही. लपून नाही. सलग. बारा आणि वर दोन. तिने पुन्हा मोजलं, कारण आजवर या घरात तिच्या बाजूने काही भरलेलं तिला आठवत नव्हतं.

"फाटक उघडा," बाहेर कमिशनर म्हणाले. "ज्याची किल्ली लागेल तसं लिहितो."

मग जे झालं ते कुलूपवाल्यांच्याच घरात होऊ शकतं. पहिलं कुलूप मधल्यांचं. ते खिशात किल्ली चाचपत होते तोवर थोरल्यांनी तार घालून ते उघडलंही. "असली कुलपं आपण खेळण्याच्या पेटीला लावतो," असं वर ऐकवलं. दुसरं थोरल्यांचं. मधल्यांनी ते नुसतं उलटं धरून दगडावर दोनदा आपटलं आणि उघडून त्यांच्या हातात दिलं. तिसऱ्याला थोरल्यांनी वीस मोजेपर्यंत वेळ घेतला, चौथ्याला मधल्यांनी पंधरा. बारीक वकील कळवळून सांगत होता की साहेब, स्वतःचं उघडा, दुसऱ्याचं उघडून आपला दावा बुडतो. पण धंद्याची अब्रू समोर असताना जमिनीचं कोण ऐकतो. कमिशनर लिहीत होते: दोन्ही पक्षांच्या कुलपांनी कुणाचीही अडवणूक होत नाही.

सातवं कुलूप उघडेना. थोरल्यांनी तार घातली, तार आत तुटली. मधल्यांनी आपटलं, दगड फुटला. गंजून गोळा झालेलं, किल्लीचं भोकसुद्धा मातीने भरलेलं. पाच मिनिटांपूर्वी दोघं म्हणत होते हे माझं. आता दोघं म्हणाले हे त्याचं.

कमिशनरांनी रुमाल बाजूला केला आणि कुलूप जवळून पाहिलं. "हे किमान आठ-दहा वर्षं उघडलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही दोघंही आठ-दहा वर्षं आत गेलेला नाहीत."

धाकटीने लोखंडी पकडीच्या शिकंज्यात अर्धी किल्ली घट्ट केली आणि कानस चालवायला घेतली. एरवी ती हलक्या हाताने घासायची. आज तिने मुद्दाम जोर लावला. करर, करर.

"आत कोण आहे?"

"धाकटी आहे," थोरले म्हणाले.

"कोण धाकटी? आणि आत गेली कशी?"

"याने दिली किल्ली," थोरले म्हणाले, त्याच दमात मधले म्हणाले, "यानेच दिली." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी एकच शंका आली, आणि ती दोघांच्याही चेहऱ्याला शोभत नव्हती.

धाकटीने कानस ठेवली, हात फडक्याला पुसले आणि नेहमीसारखा फाटकाला खांदा लावला. फाटक आवाज न करता बोटभर वर गेलं आणि खुंटीवरून सुटलं. सातवं कुलूप जिथल्या तिथे लटकत राहिलं आणि अख्खं फाटक त्याच्याचभोवती फिरून उलट्या बाजूने उघडलं. कमिशनरांना आत जायला वाट झाली.

"या साहेब," ती म्हणाली. "पायाखाली बघा, लोखंडाचा चुरा आहे."

कमिशनरांनी सगळं मोजलं. मशीन, शिकंजा, खाट, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या हजारभर किल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मग कधीपासून, असं विचारलं. चौदा वर्षं, ती म्हणाली. कुणाला विचारून? कुणालाच नाही. लपूनछपून? तिला हसू आलं. समोरचा शिंपी, कोपऱ्यावरचा सायकलवाला, सगळे रोज बघतात, विचारा हवं तर. शिंपी न विचारताच खिडकीतून हो म्हणाला.

कमिशनरांनी बिजागरीवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. "कुलपांना गंज आणि हिला ताजं तेल. तुम्ही घालता?"

"नाही," धाकटी म्हणाली. खरंच तिने कधी घातलं नव्हतं. "मला वाटायचं, बिजागरीच चांगली आहे."

आता बारीक वकिलाचा चेहरा उतरला आणि जाड्याचा त्याच्या आधी. मगाशी दोघांनी मिळून कायद्याचा जो अंगरखा शिवला होता, तो मधल्यांना ढगळ होत होता आणि धाकटीला मापात बसत होता. जाड्या वकिलाने हात वर केला. घरची सून आहे साहेब, तो म्हणाला, सुनेला परवानगी गृहीतच असते, घरच्या माणसाचा कसला आलाय प्रतिकूल ताबा.

कमिशनरांनी फाइल चाळली, एका पानावर थांबले आणि शिंकले. मग वाचलं: "'धाकट्या भावाच्या पत्नीचा या कुटुंबाशी कोणताही संबंध उरलेला नाही.' हे तुमच्याच उत्तरात आहे."

"आमच्याही दाव्यात आहे," बारीक वकील कष्टाने म्हणाला.

दावा लावताना तिला वाटा द्यावा लागू नये म्हणून दोघांनी हे वाक्य आपापल्या कागदात घातलं होतं. दोघांनाही ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

जाडा वकील मात्र उगाच जाडा झालेला नव्हता. त्याने आकाशाकडे पाहिलं आणि त्याला सुचलं. पाच वर्षांपूर्वीपर्यंत जागेची मालकीण कोण? आईसाहेब. चौदा वर्षांपूर्वी हिला आत जा म्हणणारं कोण असणार? आईसाहेबच. मालकिणीने एकदा हो म्हटलं असेल, तर सगळं मुसळ केरात, ही जन्मभराची पाहुणी.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. फाटकाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीत, सासूबाई सकाळपासून बसून होत्या. त्या रोजच बसत. ऐकू कमी येतं अशी घरात समजूत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती.

थोरले वर बघून एवढं गोड बोलले की धाकटीला बक्षीसपत्राचा महिना आठवला. "आई, तूच म्हणाली होतीस ना हिला, बाई गं, आत राहा म्हणून? तुझा जीव आहे तिच्यावर."

"आहेच," मधले म्हणाले. "आईसारखी प्रेमळ बाई शोधून सापडायची नाही." चार वर्षांनी दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते. कुणाला वाटलं असतं फोटो काढायला आलेत.

धाकटीने वर पाहिलं. तिचं मशीन, तिची खाट, ताठ उभं राहायची तिची जागा, सगळं आता त्या खिडकीतल्या एका शब्दावर होतं. सासूबाई खोटं बोलत नसत. चौदा वर्षं रोज दुपारी त्या खिडकीतून दोरीने ताट खाली सोडत, आणि त्याबरोबर न चुकता एक टोमणाही. तोंडाने जा किंवा राहा असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. पण मनात काय, ते कुणी कसं सांगावं. आणि प्रेमळ म्हटलेलं कुणाला आवडत नाही.

"परवानगी?" सासूबाई म्हणाल्या. "हिला?"

त्यांनी खिडकीचा गज धरला आणि पुढे वाकल्या.

"लिहून घ्या हो सर्दीवाले. हिने मला कधी विचारलं नाही, आणि मी हिला कधी हो म्हटलं नाही. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत फाटक उचकटून घुसली. वर बघितलं, मी बघितलं, तरी घुसली. चौदा वर्षं डोक्यावर करर करर. माझा मुलगा गेला तो हिच्यामुळेच गेला असेल, नाहीतर नसेल, मला काय माहीत. एक दिवस गोड बोलले असेन हिच्याशी तर जीभ झडो. प्रेमळ म्हणे. प्रेमळ असते तर तुम्ही दोघं असे निघाला असता का?"

खिडकी धाडकन बंद झाली.

कमिशनरांनी शेवटचा शब्द लिहिला, थोडा विचार करून 'धाडकन' हाही लिहिला, आणि धाकटीला विचारलं की तुमचा वकील कोण. कुणी नाही, ती म्हणाली. एक गाठा, ते म्हणाले, या दोघांखेरीज कुणीही चालेल. निकाल कोर्ट देईल, वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर तुम्ही जिथे आहात तिथे आहात. एवढं बोलून त्यांनी मोजपट्टी गुंडाळली. थोरले आणि मधले आपापल्या खुर्च्या उचलून घरात गेले, आणि दारातून आधी कोण जाणार यावरून तिथेही खोळंबले.

चार वाजता धाकटी चहा घेऊन वर गेली. एवढ्या वर्षांत ती तो जिना क्वचितच चढली होती. सासूबाई खिडकीशीच होत्या, पाठ करून.

"काय आहे?"

"चहा."

"ठेव तिथे. साखर कमी घातली असशील."

कप ठेवायला तिने खिडकीच्या कट्ट्यावरचं फडकं बाजूला केलं, तर खाली लांब चोचीची तेलाची डबी. चोच ओली होती. धाकटीने डबीकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याकडे. नखात काळं साचलेलं, घासून न जाणारं, तिच्या स्वतःच्या नखात असायचं तसंच.

सासूबाईंनी अंगठा मुठीत घेतला. "शिवणाच्या मशीनचं आहे ते."

घरात शिवणाचं मशीन नव्हतं. कधीच नव्हतं. धाकटीने डबी पुन्हा फडक्याखाली सारली आणि जायला वळली.

"ऐक," सासूबाई म्हणाल्या. चहाचा एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "वरची ठीक आहे, पण खालच्या बिजागरीला फार वाकावं लागतं. माझी कंबर आता ऐकत नाही. पुढच्या महिन्यापासून तुझं तू बघ."